नकाशाच्या फाइली उघडत नाहीत: .एसएचपी, .डीबीएफ, .जीडीबी, .टॅब... सुरुवात कुठून करू?

पाणवठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. विहिरींच्या एका जुन्या सर्वेक्षणाचा सगळा डेटा माझ्याकडे आला आहे. ज्यांनी तो गोळा केला ते आता या कामात नाहीत. जाताना पेनड्राइव्ह हातात दिला आणि "सगळं यात आहे" म्हणाले. दोन दिवस झाले, मला अजून एकही नकाशा दिसलेला नाही.

काय काय आहे ते लिहिते. 'विहिरी' नावाच्या तीन फाइली: .एसएचपी, .एसएचएक्स, .डीबीएफ. 'ओढे' नावाच्या पाच, त्यात .पीआरजे आणि .सीपीजी जास्तीच्या. 'जमीन.जीडीबी' नावाचा फोल्डर, आत साठेक फाइली, एकाही नावाचा अर्थ लागत नाही. 'हद्द.टॅब' आणि त्याच नावाच्या आणखी तीन. एक .एचजीटी. आणि 'अंतिम नकाशा' नावाची एक .एमएक्सडी. मला वाटतं हीच मुख्य फाइल असावी, पण ती जेमतेम ४०० केबी आहे.

विहिरी.एसएचएक्स माझ्या संगणकाला ऑटोकॅडचा फॉन्ट वाटते. .डीबीएफ तेवढी स्प्रेडशीटमध्ये उघडली. रकाने दिसतात, पण नावांच्या जागी नुसती चिन्हं. ती नीट करून सेव्ह करावी का?

---

उत्तररेषा

पाणवठा, ती .डीबीएफ सेव्ह न करता बंद करा. आधी अख्ख्या पेनड्राइव्हची एक प्रत काढा, ती बाजूला ठेवा आणि प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा. या धाग्यात पुढे कोणी काहीही सांगितलं तरी हे पहिलं.

आता तुमच्या यादीकडे. नकाशाची 'फाइल' बहुतेक वेळा एक फाइल नसते, हे कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. तुमच्या 'विहिरी'च्या तीन फाइली मिळून एक शेपफाइल होते. .एसएचपीमध्ये आकार, म्हणजे बिंदू, रेषा, बहुभुज यांचे आकडे. .डीबीएफमध्ये त्या प्रत्येक आकाराची माहिती: नाव, खोली, वगैरे. .एसएचएक्स ही अनुक्रमणिका, कितवा आकार .एसएचपीमध्ये कुठल्या जागी सुरू होतो ते सांगणारी. या तिघी लागतातच. तिघींची नावं एकच हवीत आणि तिघी एकाच फोल्डरात हव्यात. .पीआरजेमध्ये आकडे कोणत्या पद्धतीतले आहेत ते लिहिलेलं असतं; ती तांत्रिकदृष्ट्या ऐच्छिक, पण ती नसली की काय होतं ते 'विहिरी' उघडल्यावर तुम्हाला दिसेलच.

ऑटोकॅडचं कोडं सोपं आहे. .एसएचपी आणि .एसएचएक्स ही दोन्ही नावं ऑटोकॅडही वापरतं, त्याच्या स्वतःच्या चिन्हांसाठी आणि फॉन्टसाठी. दोघांचा काहीही संबंध नाही. तसंच .जीडीबी हे नाव इतर डेटाबेसही वापरतात. एक्स्टेन्शनवरून फाइल ओळखणं हा अंदाज असतो. खात्री करायची तर फाइलीचे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पहिले चार बाइट बघायचे. शेपफाइलचं शीर्ष १०० बाइटांचं असतं आणि त्याची सुरुवात ९९९४ या आकड्याने होते.

डबल क्लिकचा नाद सोडा. क्यूजीआयएस ही नकाशे उघडायची प्रणाली उतरवून घ्या. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, आणि तुमच्या यादीतलं एक सोडून सगळं उघडतं.

---

खूणगाठ

"सेव्ह न करता बंद करा" यामागचं कारण मी सांगतो, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे.

शेपफाइलमध्ये आकार एका फाइलीत आणि त्याची माहिती दुसरीत. त्यांना जोडणारा धागा कोणता? फक्त क्रम. .एसएचपीतला सतरावा आकार आणि .डीबीएफमधली सतरावी ओळ. तिथे कुठलाही सामाईक क्रमांक लिहिलेला नसतो. मी एकदा शेतांच्या तुकड्यांची .डीबीएफ स्प्रेडशीटमध्ये उघडली, बघायला सोपं जावं म्हणून नावांप्रमाणे क्रम लावला आणि सवयीने सेव्ह केलं. नकाशा पुढेही बिनतक्रार उघडत राहिला. एकही चूक दाखवली नाही. फक्त प्रत्येक तुकड्यावर भलत्याच तुकड्याचं नाव. तीन आठवड्यांनी, छापील नकाशा घेऊन एक जण शेतात उभा राहिला तेव्हा कळलं.

सुदैवाने .डीबीएफमध्ये पूर्वी मोजलेल्या क्षेत्रफळाचा एक रकाना होता. मग क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक बहुभुजाचं क्षेत्रफळ नव्याने काढलं आणि ते जुन्या रकान्यातल्या आकड्याशी जुळवत जुळवत नावं परत जागेवर आणली. जिथे दोन तुकडे जवळजवळ सारखे होते तिथे प्रत्यक्ष जाऊन बघावं लागलं. तो रकाना नसता तर काहीच करता आलं नसतं. तुमच्या विहिरी तर बिंदू आहेत, बिंदूला क्षेत्रफळ नसतं.

ओळ मध्येच काढून टाकली तरी हेच होतं, तिच्या खालच्या सगळ्या ओळी एकेक घर सरकतात. माहितीत बदल करायचा तर क्यूजीआयएसच्या अ‍ॅट्रिब्यूट टेबलमध्येच करा. तिथे आकार आणि ओळ एकत्र हलतात.

---

पाणवठा

प्रत काढली. खूणगाठ, वाचून हात थंड पडले. मी क्रम लावणारच होते.

क्यूजीआयएस घेतलं. 'ओढे' लगेच दिसले! निळ्या रेषा, पार्श्वभूमीच्या नकाशावर अगदी जागच्या जागी. दोन दिवसांनी काहीतरी दिसलं.

'विहिरी' मात्र आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात आहेत. सगळ्या एका ठिपक्यात. आणि .एमएक्सडी उघडतच नाही.

---

उत्तररेषा

.एमएक्सडीपासून सुरुवात करतो, कारण त्यावरची आशा लवकर सोडलेली बरी.

ती नकाशा नाही. ती नकाशाची मांडणी आहे: कोणता थर (विहिरी, ओढे वगैरे) वर, कोणता खाली, रंग कोणते, आणि प्रत्येक थराची फाइल डिस्कवर कुठे आहे तो पत्ता. डेटा तिच्यात नाही. ४०० केबी का, याचं उत्तर हेच. ती आर्कमॅप या प्रणालीची प्रकल्प-फाइल आहे. आर्कजीआयएस प्रो तिला आयात करू शकतं, पण पत्ते जुन्या संगणकाचे असल्यामुळे थरांसमोर लाल उद्गारचिन्हं येतील आणि प्रत्येकाला नवा पत्ता दाखवावा लागेल. .एपीआरएक्स, .क्यूजीएस, .क्यूजीझेड, .एलवायआर या सगळ्या याच जातीच्या. कोणी यातली एकच फाइल मेलवर पाठवली, तर समजायचं की पत्ता आला, घर नाही आलं.

यात क्यूजीआयएसची .क्यूजीझेड प्रामाणिक आहे. ती साधी झिप असते. उघडली की आत .क्यूजीएस मिळते, ती साध्या मजकुरात असते आणि कुठल्या फाइली हव्या होत्या त्यांचे पत्ते टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येतात. हरवलेल्या फाइलींची नावं मी अशीच शोधून काढली आहेत.

---

अक्षवृत्त

विहिरींचं मी घेतो. समुद्रातली ती जागा म्हणजे शून्य अंश अक्षांश, शून्य अंश रेखांश, गिनीच्या आखातातली. जगभरच्या नकाशांतली भरकटलेली माहिती तिथे जाऊन पडते. सगळ्या विहिरी एका ठिपक्यात आहेत यावरून निदान जवळजवळ नक्की होतं.

तुमच्या .एसएचपीत जोड्या असणार अंशांच्या, म्हणजे रेखांश ६०.४, अक्षांश २०.१ अशा. पण सोबत .पीआरजे नाही, त्यामुळे हे अंश आहेत हे प्रणालीला कोण सांगणार? पार्श्वभूमीचा नकाशा ईपीएसजी ३८५७ या क्रमांकाच्या निर्देशांक-पद्धतीत असतो आणि तिथलं एकक मीटर आहे. प्रणालीने ६०.४ म्हणजे शून्यापासून ६०.४ मीटर असं धरलं. दोन विहिरींमध्ये एका अंशाचं अंतर असेल, म्हणजे शंभरएक किलोमीटर, तर ते एक मीटर झालं. म्हणून एक ठिपका.

उपाय: थरावर उजवं क्लिक, 'लेयर सीआरएस', 'सेट लेयर सीआरएस' (सीआरएस म्हणजे निर्देशांक-पद्धत), तिथे ईपीएसजी ४३२६, म्हणजे अंशांची पद्धत. आकडे बदलत नाहीत, आकड्यांचा अर्थ सांगितला जातो.

आकडे बघूनही बरंच कळतं. पहिला उणे १८० ते १८० आणि दुसरा उणे ९० ते ९० मध्ये असेल तर बहुधा अंश. पहिला सहा अंकी आणि दुसरा सात अंकांपर्यंत असेल तर यूटीएमचा, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा, संशय घ्या. यूटीएममध्ये पृथ्वीचे ६ अंश रुंदीचे ६० झोन असतात आणि प्रत्येक झोनच्या मधल्या रेषेला ५,००,००० मीटर हा आकडा दिलेला असतो, म्हणजे पूर्व-पश्चिम आकडा ऋण होत नाही. मधली रेषा काढायची तर झोन गुणिले ६, वजा १८३. झोन ३१ असेल तर ३ अंश पूर्व. धोका हा की तेच आकडे साठही झोनमध्ये बसतात. झोन कुठला हे आकड्यांवरून कळत नाही, ते .पीआरजेमध्येच लिहिलेलं असतं. .पीआरजे नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, लांबलचक एक ओळ असते, त्यात झोनचं नाव स्पष्ट दिसतं.

---

पाणवठा

अक्षवृत्त, तुमचा प्रतिसाद यायच्या आधी मी स्वतःच खटपट केली. थराला ३८५७ दिलं, कारण पार्श्वभूमीला तेच होतं, आणि मग 'एक्सपोर्ट'मधून ४३२६ मध्ये नवी फाइल केली. आता नव्या फाइलीला ४३२६ आहे, तरी विहिरी समुद्रातच. तुम्ही सांगितलं ते तर मी केलंच ना?

---

अक्षवृत्त

नाही, आणि यातला फरक समजून घ्या. माझ्या मते नकाशाच्या कामात याहून महत्त्वाचं काही नाही.

दोन वेगळ्या क्रिया आहेत. एक, ओळख सांगणं: "हे आकडे अंश आहेत." आकडे तसेच राहतात. दुसरी, रूपांतर: एका पद्धतीतले आकडे दुसरीत मोजून बदलायचे. तुम्ही आधी चुकीची ओळख दिलीत (हे मीटर आहेत) आणि मग त्या चुकीवरून रूपांतर केलंत. प्रणालीने ६० मीटरचे इमानदारीने अंश केले. नव्या फाइलीचा अ‍ॅट्रिब्यूट टेबल उघडून बिंदूचा रेखांश काढून बघा, ६० च्या जागी ०.०००५३९ च्या आसपास काहीतरी मिळेल. आता त्यावर कितीही वेळा ४३२६ लावलं तरी उपयोग नाही.

ती नवी फाइल काढून टाका. मूळ प्रत घ्या, तिची ओळख ४३२६ सांगा, बघा जागेवर येतं का. जागेवर आल्यावरच, गरज असेल तर, रूपांतर.

आणि जागेवर आल्यावर नीट झूम करून बघा. सगळे बिंदू एकाच दिशेला दहा-वीस किंवा शे-दोनशे मीटर सरकलेले दिसले तर तो डेटमचा फरक, म्हणजे पृथ्वीचा आकार वेगळा धरून केलेली जुनी मोजणी. हाताने ओढून बसवू नका, जुना डेटम कोणता ते शोधा.

---

पाणवठा

आल्या! विहिरी जागेवर आल्या. आमच्या ओढ्याच्या काठाने ओळीने ठिपके दिसताहेत. डोळ्यांत पाणी आलं.

सरकलेल्याही नाहीत, चार ठिकाणी तपासलं.

आता नावांचं. 'ओढे'मध्ये नावं स्वच्छ मराठीत आहेत. 'विहिरी'मध्ये चिन्हं.

---

खूणगाठ

'ओढे'बरोबर .सीपीजी आहे ना, तीच कारण. ती एका ओळीची मजकूर-फाइल असते आणि तिच्यात .डीबीएफमधला मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या कोणत्या पद्धतीत, आहे ते लिहिलेलं असतं, तुमच्या बाबतीत यूटीएफ-८. 'विहिरी'ची .सीपीजी कुठेतरी मागे राहिली.

थराच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सोर्स' पानावर डेटाचं एन्कोडिंग निवडता येतं, तिथे यूटीएफ-८ द्या. पण आधी ती चिन्हं कशी दिसतात ते बघा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' दर दोन चिन्हं सोडून पुन्हा पुन्हा येत असेल तर तो यूटीएफ-८ च, चुकीचा वाचला गेलेला. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि पहिला बाइट नेहमी तोच असतो.

पण नुसती साधी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं, अर्थ नसलेली, असं दिसत असेल तर प्रकरण वेगळं. मग ती नावं शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. तिथे संगणकाच्या लेखी तो रोमन मजकूरच असतो. एन्कोडिंग बदलून काही होत नाही, त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक लागतो.

---

पाणवठा

रेघवाला 'ए'च होता. यूटीएफ-८ दिल्याबरोबर नावं आली. एवढंच की काही मोठी नावं शेवटी तुटली आहेत आणि रकान्यांची शीर्षकं विचित्र आहेत: 'खो', 'के२', 'पाण'.

---

उत्तररेषा

ही शेपफाइलची मर्यादा. रकान्याच्या नावाला १० बाइट. इंग्रजीत दहा अक्षरं बसतात, आपल्याकडे तीन चिन्हं. 'खोली' हा शब्दसुद्धा बसत नाही: ख, त्याचा ओकार, ल, त्याची वेलांटी, चार चिन्हांचे १२ बाइट. मजकुराच्या रकान्याला जास्तीत जास्त २५४ बाइट, म्हणजे देवनागरीची ८४ चिन्हं, आणि रकाना त्याहून अरुंद ठेवला असेल तर त्याहून कमी. तुटलेली नावं या फाइलीतून परत मिळणार नाहीत. मूळ यादी कागदावर असेल तर तिथूनच.

म्हणूनच मी नवं काम शेपफाइलमध्ये करत नाही. 'विहिरी' उघडल्या आहेत तर आत्ताच 'एक्सपोर्ट'मधून जिओपॅकेज करा, .जीपीकेजी. २०१४ पासून हे खुलं मानक आहे, आत एसक्यूलाइटचा डेटाबेस असतो. सगळे थर, एन्कोडिंग, सीआरएस एकाच फाइलीत. रकान्याला पूर्ण मराठी नाव देता येतं. एक पथ्य: क्यूजीआयएस चालू असताना शेजारी त्याच नावाच्या, शेवटी 'वाल' आणि 'एसएचएम' असलेल्या दोन तात्पुरत्या फाइली दिसू शकतात. तेव्हा प्रत काढायची नाही. प्रणाली बंद करा, त्या नाहीशा होतील, मग प्रत काढा.

---

बांधावरून

शेपफाइलवर थोडा अन्याय होतोय. तिची तांत्रिक माहिती १९९८ सालीच उघडपणे प्रसिद्ध झाली, म्हणून आज कुठलीही नकाशा-प्रणाली ती वाचते. इतक्या वर्षांपूर्वीचा डेटा आज पाणवठा ताईंना उघडता आला तो त्याचमुळे. समोरच्याकडे कोणती प्रणाली आहे ठाऊक नसेल तर मी अजूनही शेपफाइलच देतो, सगळ्या फाइली एका झिपमध्ये. फक्त .एसएचपी तेवढी पाठवणारे लोक भेटतात, त्यांना मी दर वेळी फोन करून समजावतो.

.एसएचएक्स हरवली असेल तर ती .एसएचपीवरून पुन्हा बनवता येते, जीडीएएल या नकाशा-फाइली हाताळणाऱ्या साधनसंचात त्याची सोय आहे. .डीबीएफ हरवली तर आकार दिसतील, माहिती गेली. .एसएचपी हरवली तर उरते फक्त यादी.

वेबसाठी द्यायचं असेल तर जिओजेसन. त्यात आधी रेखांश, मग अक्षांश. बोलताना आपण उलट म्हणतो, त्यामुळे हाताने लिहिणारे हमखास चुकतात.

---

उत्तररेषा

बांधावरून, मान्य. देवाणघेवाणीसाठी झिप केलेली शेपफाइल, स्वतःच्या कामासाठी जिओपॅकेज.

पाणवठा, उरलेलं पटकन सांगतो. 'जमीन.जीडीबी' हा फोल्डर म्हणजेच डेटाबेस आहे. आत शिरू नका, एकही फाइल हलवू नका, नाव बदलू नका. क्यूजीआयएसमध्ये डेटा सोर्स मॅनेजर उघडा (कंट्रोल आणि एल), 'व्हेक्टर'मध्ये 'फाइल'ऐवजी 'डिरेक्टरी' निवडा, प्रकार 'ओपन फाइल जीडीबी', आणि अख्खा फोल्डर दाखवा. आतल्या थरांची यादी येईल.

'हद्द.टॅब' मॅपइन्फो या प्रणालीची. .टॅब नोटपॅडमध्ये वाचता येते, खरा डेटा .डॅट, .मॅप, .आयडी मध्ये. चौघी एकत्र असू द्या आणि .टॅब उघडा.

.एचजीटी ही उंचीची फाइल, २००० सालच्या अंतराळ शटलच्या मोहिमेतल्या रडार मोजणीची. हिचं नाव कधीही बदलू नका. जागा फक्त नावात लिहिलेली असते, त्या चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे अंश, आत कुठेही नाही. आकार २,५९,३४,४०२ बाइट असेल तर ती ३६०१ गुणिले ३६०१ बिंदूंची, प्रत्येक उंचीला दोन बाइट. २८,८४,८०२ असेल तर १२०१ गुणिले १२०१ ची. कुठे उणे ३२७६८ उंची दिसली तर तिथे मोजणी नाही, दरी नाही.

---

पाणवठा

सगळं उघडलं. .जीडीबीमध्ये सात थर निघाले. .एचजीटी मोठ्या आकाराची आहे. 'हद्द'ही बसली. सगळं एका जिओपॅकेजमध्ये आणलं.

रकान्यांचा अर्थ मात्र कुठल्याच फाइलीत नव्हता, म्हणून शेवटी ज्यांनी सर्वेक्षण केलं त्यांनाच फोन केला. 'खो' म्हणजे खोली, 'पाण' म्हणजे उन्हाळ्यातली पाण्याची पातळी, 'के२' म्हणजे कठड्याची स्थिती, १ ते ४. आणि बोलता बोलता ते म्हणाले, पहिल्या वर्षीच्या विहिरींची खोली फुटांत आहे, नंतरच्यांची मीटरमध्ये. मी तोवर सगळ्यांची सरासरी काढून बसले होते.

पहिल्या वर्षीच्या कुठल्या, हे त्यांना आठवेना. तारखेचा रकाना आहे, पण निम्म्या ओळींत रिकामा.

---

खूणगाठ

ताई, ओळींचा क्रम मूळ आहे ना? .डीबीएफला तुम्ही हात लावला नाहीत. विहिरी ज्या क्रमाने मोजल्या त्याच क्रमाने बिंदू टाकले असतील तर तारखा असलेल्या ओळी बघा. त्या वरून खाली वाढत जात असतील तर पहिलं वर्ष कुठे संपलं ते दोन तारखांच्या मध्ये सापडेल. जिओपॅकेजवर नाही, मूळ शेपफाइलवर बघा. आणि सीमेवरच्या दोन-चार विहिरींमध्ये दोर सोडून खात्री करून घ्या.

---

पाणवठा

तारखा वाढतच जातात. १३८ वी ओळ पहिल्या वर्षातली, १४५ वी दुसऱ्या. मधल्या सहा विहिरी राहिल्या. रविवारी दोर आणि टेप घेऊन जातेय, आल्यावर आकडे इथेच लिहीन.